जुनी तबकडी घ्यावी कीं नवी येईपर्यंत थांबावें?

संसारांतील खरेदीचे प्रश्न बहुधा दोन प्रकारचे असतात. वस्तु घ्यावी कीं न घ्यावी, हा पहिला. आणि घ्यावयाची तर आज घ्यावी कीं उद्यां, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कनवटीचा पैसा देतो. दुसऱ्याचें उत्तर देणें कठीण, कारण उद्यां बाजारांत काय येईल हें कोणासच सांगतां येत नाहीं. सोनें, घर, शेत यांविषयीं आमच्या वडीलधाऱ्यांनीं हा विचार पुष्कळ केलेला आहे. परंतु अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून हाच प्रश्न एका अगदीं लहान वस्तूविषयीं विचारला जातो. ती वस्तु म्हणजे चित्रपटाची तबकडी.

‘प्रभात’ कंपनीचे व त्या काळचे इतर मराठी बोलपट तबकड्यांवर निघून आतां बरींच वर्षें झालीं. त्यांची प्रत पुष्कळदां सामान्य असते. चित्र पुसट, त्यावर पावसाच्या सरींसारख्या उभ्या रेघा, आवाजांत खरखर. अशी तबकडी हातीं घेतली कीं मनांत येतें, जुने चित्रपट स्वच्छ करून पुन्हां काढण्याचें काम हल्लीं चाललें आहे, मग ही प्रत कशाला घ्यावी? चार दिवस थांबलें तर चांगली मिळेल. पुण्यामुंबईस किंवा परदेशीं असलेले चिरंजीवही दूरध्वनीवरून हाच सल्ला देतात. परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांत आमचें चारठाणा हें लहानसें गांव आहे. येथें आमच्याकडे हा प्रश्न तीनचार घरांतून आला, कारण शाळामास्तरास सर्व कांहीं ठाऊक असतें, असा खेड्यांतून अजून एक गोड समज आहे. आम्हीं त्याचा जो विचार केला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम तबकडी ही वस्तु नीट समजून घेतली पाहिजे. सर्व तबकड्या दिसावयास सारख्याच, बारा सेंटिमीटर व्यासाच्या; परंतु त्यांच्या पोटांत मावणाऱ्या चित्राचा बारीकपणा फार वेगवेगळा आहे. चित्र हें रांगोळीसारखें ठिपक्यांचें बनलेलें असतें. आपल्याकडील पद्धतीच्या व्हीसीडींत आडव्या ओळींत ३५२ ठिपके व उभे २८८ असतात. डीव्हीडींत ७२० व ५७६, ब्लू-रे तबकडींत १९२० व १०८०, आणि तिच्याही पुढल्या जातींत ३८४० व २१६०. व्हीसीडीचें परिमाण १९९३ मध्यें ठरलें, डीव्हीडी १९९६ मध्यें आली, ब्लू-रे २००६ मध्यें, आणि चौथी जात २०१६ मध्यें. म्हणजे तेवीस वर्षांत चार पिढ्या झाल्या. ज्यानें प्रत्येक वेळीं पुढचीची वाट पाहण्याचें ठरविलें असेल, त्याच्या घरीं आजवर एकही चित्रपट आला नसेल, हें उघड आहे.

ठिपके जितके अधिक तितकें चित्र चांगलें, हें खरें. परंतु ते डोळ्यास दिसले पाहिजेत. येथें थोडें गणित करावें लागतें. ज्योतिषांत अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात. निरोगी डोळ्यास एका कलेहून जवळ असलेले दोन बिंदु निरनिराळे दिसत नाहींत, असें नेत्रवैद्यांचें परिमाण आहे. आतां ३२ इंची दूरचित्रवाणी संचाचा पडदा सुमारें २८ इंच रुंद असतो. जुना बोलपट चौकोनाच्या जवळचा असल्यामुळें त्यांपैकीं २१ इंचच व्यापतो. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात. दहा फुटांवरून पाहिलें तर एक कला म्हणजे इंचाचा सुमारें एकोणतिसावा भाग. तेव्हां त्या २१ इंचांत आपल्या डोळ्यास सुमारें ६०० बिंदूच वेगळे दिसूं शकतात. व्हीसीडी ३५२ देते, ती अपुरी पडते. डीव्हीडी ७२० देते, ती पुरून उरते. तिच्या वरचा बारीकपणा अशा घरीं विकत घेतला तरी तो दिसणार नाहीं. हेंच ५५ इंची संच भिंतीवर लावून सहा फुटांवर बसणाऱ्या घरचें उत्तर वेगळें येतें. तेथें डोळा सुमारें १७०० बिंदु ओळखूं शकतो, म्हणून डीव्हीडी तेथें खरोखर तोकडी पडते. दिवाणखाना आणि संच मोजल्यावांचून दुसऱ्याचा सल्ला ऐकूं नये, एवढाच याचा अर्थ.

तबकडी हें केवळ भांडें आहे. भांडें मोठें केलें म्हणून दूध वाढत नाहीं. चित्रपटाचें दूध म्हणजे त्याची मूळ फीत, आणि येथें आपल्या देशाची कहाणी दुःखद आहे. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेट जातीच्या फितीवर घेत असत. हा पदार्थ स्फोटक कापसाच्या कुळांतला. तो एकदां पेटला म्हणजे पाण्याखालींही जळत राहतो, आणि न पेटला तरी उष्ण दमट हवेंत वर्षानुवर्षें कुजून त्याचा चिकटा व शेवटीं भुगा होतो. त्यांतच कृष्णधवल फितीवरील चित्र रुप्याच्या कणांचें असल्यामुळें, ते रुपें काढून विकण्यासाठीं कित्येक चित्रपटांच्या फिती मोडींत गेल्या. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पुरता उपलब्ध नाहीं. उरलीं आहेत तीं कांहीं रिळें, आणि तींही १९१३ चीं कीं १९१७ मध्यें त्यांनीं पुन्हां काढलेल्या चित्रपटाचीं, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. १९३१ चा आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची तर एकही प्रत आढळांत नाहीं. ‘प्रभात’ची पुण्याची जागा पुढें चित्रपटशिक्षणाच्या सरकारी संस्थेस मिळाली. त्याच आवारांत ८ जानेवारी २००३ रोजीं आग लागली, आणि ‘प्रभात’, ‘बॉम्बे टॉकीज’, ‘न्यू थिएटर्स’, ‘वाडिया मूव्हीटोन’ यांच्या नायट्रेटच्या ठेव्याची मोठी हानि झाली.

म्हणून थांबण्यापूर्वीं विचारावयाचा पहिला प्रश्न हा कीं, या चित्रपटाची मूळ फीत शिल्लक आहे काय? ती असेल तर उद्यांची प्रत आजच्याहून निःसंशय चांगली निघूं शकेल. ती नसेल आणि तिसऱ्या चौथ्या पिढीची झिजलेली प्रतच उरली असेल, तर नव्या तबकडीच्या वेष्टनावर कितीही मोठे आंकडे छापले तरी आंत तेंच पुसट चित्र अधिक ठिपक्यांनीं रंगविलेलें असणार.

जीर्णोद्धाराचें काम खोटें आहे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची व तिच्या पुढच्या दोन चित्रपटांची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. त्यांच्या मूळ फिती १९९३ मध्यें लंडन येथील एका प्रयोगशाळेच्या आगींत होरपळल्या. जळके तुकडे कोणीं फेकून दिले नाहींत, म्हणून पुढें इटलींतील बोलोन्या येथील कारागिरांनीं ते पुन्हां लवचिक करून हातानें सांधले. जेथें मूळ नव्हतें तेथें इतर प्रतींतून भर घातली. आणि २०१५ मध्यें ते तिन्ही चित्रपट नव्या तेजानें लोकांसमोर आले. आपल्या मराठींत व्ही. शांताराम यांचा १९७२ चा ‘पिंजरा’ असाच नवें रूप घेऊन २०१६ मध्यें चित्रपटगृहांत झळकला. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’, ज्यासाठीं गुजराथच्या पांच लक्ष दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं दोन दोन रुपये दिले होते, तो २०२४ मध्यें दुरुस्त होऊन प्रथम फ्रान्समधील कान येथें दाखविला गेला. मध्यवर्ती सरकारनेंही २०२२ च्या मे महिन्यांत ३६३ कोटी रुपये खर्चून २,२०० चित्रपटांचा जीर्णोद्धार करण्याचें जाहीर केलें.

परंतु या उदाहरणांतील सालें लक्षांत घ्यावीं. ‘पथेर पांचाली’स आगीनंतर बावीस वर्षें लागलीं. ‘पिंजरा’स पहिल्या खेळापासून चव्वेचाळीस. शिवाय चित्रपट दुरुस्त झाला म्हणजे त्याची तबकडी निघतेच असें नाहीं. महोत्सवांत खेळ होतात, शहरांतील चित्रपटगृहांत आठवडाभर दाखवितात, आणि फीत पुन्हां भांडारांत जाते. १९३६ च्या ‘संत तुकारामा’सारख्या चित्रपटावरील मालकीहक्काची कायदेशीर मुदत केव्हांच संपलेली आहे, त्यामुळें वाटेल त्यास त्याची तबकडी काढतां येते. सामान्य प्रती पुष्कळ निघाल्या याचें हें एक कारण. आणि पदरचा पैसा घालून उत्तम प्रत काढणाऱ्यास तो परत मिळण्याची शाश्वती नाहीं, याचेंही कारण हेंच. व्यापाराचा ओघही तबकडीपासून दूर चालला आहे. २००७ मध्यें मोझर बेअर कंपनीनें व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हां घरोघरीं चित्रपटांचे ढीग झाले. त्याच कंपनीस २०१८ मध्यें दिवाळखोरींत मोडीत काढण्याचा हुकूम झाला. जो व्यापारच आटत आहे त्याच्याकडून उद्यांच्या उत्तम तबकडीची अपेक्षा करणें म्हणजे सुकत चाललेल्या विहिरीवर पुढच्या वर्षासाठीं मोट मागविण्यासारखें आहे.

आम्ही संस्कृत शिकविणारे, म्हणून आम्हांस या ठिकाणीं आपल्याच विद्येंतील एक उदाहरण आठवतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढण्याचें काम १९१९ मध्यें हातीं घेतलें. १२५९ हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन, एका पोथींतला तुटलेला श्लोक दुसरीवरून जुळवीत, प्रक्षिप्त भाग वेगळा काढीत तें काम चाललें. चित्रपटाचे जीर्णोद्धारक फितींच्या बाबतींत आज अगदीं हेंच करतात. मुख्य संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ मध्यें निवर्तले, आणि ग्रंथ पुरा व्हावयास १९६६ साल उजाडलें. या सत्तेचाळीस वर्षांत महाराष्ट्रानें महाभारत वाचणें बंद ठेवलें होतें काय? पुण्याच्याच चित्रशाळेनें नीलकंठाच्या टीकेसह छापलेली प्रत लोकांनीं घेतली, वाचली, मुलांस वाचून दाखविली. त्यांत पाठ अशुद्ध होते, प्रक्षेप होते. परंतु द्रौपदीचा प्रश्न आणि कर्णाचें दुःख त्यांतूनही पोंचलें. पुढें शुद्ध आवृत्ति आली तेव्हां ती समजण्यास तेच वाचक अधिकारी ठरले. ज्यांनीं कांहींच वाचलें नव्हतें त्यांना तिचें मोल कळण्याचें कारण नव्हतें.

दुसरी एक गोष्ट चारठाण्यांत राहणाऱ्यास कोणीं शिकवावी लागत नाहीं. आमच्या गांवीं जुनीं दगडी मंदिरें आहेत, बारव आहे, कोरीव स्तंभ आहे. या जुन्या कामांची कळा पाहण्यास दुरून लोक येतात. मराठवाड्यांत अशीं मंदिरें ठिकठिकाणीं आहेत, आणि भाविकपणें त्यांचा जीर्णोद्धार करतांना मूर्तींवर तैलरंग फासलेला, कोरीव कामाच्या सांध्यांत सिमेंट भरलेलें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. करणाराचा हेतु शुद्ध असतो, पैसाही खर्च झालेला असतो. पण छिन्नीची धार झांकली जाते. चित्रपटांतही असा तैलरंग असतो. फितीचा स्वाभाविक रवा हा मळ समजून यंत्रानें घासून टाकला, तर माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत होतात. रुंद पडदा भरावा म्हणून चौकोनी चित्र वरून व खालून कापलें, तर गायकाचें कपाळ आणि हातांतली वीणा दोन्ही जातात. तेव्हां नवी आवृत्ति म्हणजे चांगली आवृत्ति, असें धरून चालूं नये. कित्येकदां जुन्या डागाळ चित्रांत दिग्दर्शकानें घेतलेली चौकट पुरी असते आणि नव्या चकचकीत चित्रांत ती नसते.

आतां ज्या गोष्टीमुळें आम्ही हा लेख लिहावयास बसलों ती सांगतों. आमच्या आळींतील एका घरच्या आजींना बालपणीं तंबूंतल्या खेळांत पाहिलेला ‘प्रभात’चा एक बोलपट पुन्हां पाहावयाचा होता. चिरंजीव पुण्यास मोठ्या हुद्द्यावर. मुलगा मातृभक्त, आईस वाईट वस्तु द्यावयाची नाहीं, हा त्याचा बाणा. त्यानें सांगितलें, आई, आत्तां मिळते ती प्रत फार खराब आहे, चांगली निघाली कीं लगेच आणतों. यांत पांच वर्षें गेलीं. चांगली प्रत आली नाहीं. मात्र त्या अवधींत काचबिंदूनें आजींची दृष्टि गेली, आणि काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. शेवटीं मुलानें तीच जुनी डीव्हीडी आणली. घरांतल्या सर्वांनीं चित्रपट पाहिला, आजींनीं ऐकला. मध्यें एकदांच त्यांनीं विचारलें, “चित्र कसं दिसतंय रे?” मुलगा म्हणाला, “चांगलं दिसतंय, आई.” आम्ही त्या वेळीं तेथें होतों. चित्रावर डाग होते, रेघा होत्या. पण मुलगा खोटें बोलला असें आम्हांस वाटलें नाहीं.

यावरून विचारावयाचा दुसरा प्रश्न निघतो. ही तबकडी कोणासाठीं घ्यावयाची आहे? पंचविशीच्या रसिकास दहा वर्षें थांबतां येतें. घरांत सत्तरी ओलांडलेलें माणूस असेल, आणि त्यानेंच तो चित्रपट मागितला असेल, तर थांबण्याचा अधिकार आपला नाहीं. लहान मुलांचेंही तसेंच आहे. ज्या वयांत आजीच्या मांडीवर बसून ‘श्यामची आई’ पाहावयाची तें वय नव्या आवृत्तीसाठीं अडून राहत नाहीं.

आमचें म्हणणें आतां थोडक्यांत मांडतों. १९५० पूर्वींचा मराठी बोलपट चांगल्या डीव्हीडीवर मिळत असेल तर निःशंक घ्यावा. व्हीसीडी मात्र दुसरें कांहीं न मिळाल्यासच. उलट १९७० नंतरचा रंगीत चित्रपट, ज्याची मूळ फीत निर्मात्याच्या घरीं सुरक्षित आहे आणि ज्याच्या दुरुस्तीचें काम प्रत्यक्ष सुरू झाल्याची वार्ता आहे, त्यासाठीं मोठा संच असलेल्या घरानें वर्षदोन वर्षें थांबण्यास हरकत नाहीं. कारण रंगीत फितीचे रंग उडतात, आणि दुरुस्तीचा खरा लाभ तेथेंच दिसतो.

घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, भाषा. ‘प्रभात’नें अनेक बोलपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढले. ‘कुंकू’चा हिंदी अवतार ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. घाईंत दुसराच घरीं येतो. दुसरी, लांबी. ‘संत तुकाराम’ १३१ मिनिटांचा आहे. वेष्टनावर १२६ मिनिटें असलीं तर घाबरूं नये. दूरचित्रवाणीच्या एका पद्धतींत सेकंदास चोवीसऐवजीं पंचवीस चित्रें धांवतात, म्हणून तेवढी घट येते व सूरही किंचित् चढतो. परंतु १०५ मिनिटें असतील तर कात्री चालली आहे असें समजावें. व्हीसीडींत सुमारें ७४ ते ८० मिनिटेंच मावतात, म्हणून हा चित्रपट तिच्या एकाच तबकडीवर असेल तर तो अपुराच. तिसरी गोष्ट आवाज. विष्णुपंत पागनीसांचे अभंग ज्यासाठीं ऐकावयाचे तीं अक्षरेंच जर खरखरींत बुडत असतील, तर चित्र कितीही स्वच्छ असून उपयोग नाहीं. शक्य असल्यास दुकानांतच पांच मिनिटें लावून ऐकावी.

आणल्यावर तबकडी उभी, तिच्या डबींत, उन्हापासून व चुलीच्या धुरापासून दूर ठेवावी. पुसणें झाल्यास मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसूं नये. व्हीसीडीची छापील बाजू अधिक जपावी; चित्राचा थर त्या बाजूस केवळ पातळ लेपाखालीं असतो, म्हणून तेथें कागद चिकटवूं नये कीं टोंकदार लेखणीनें नांव लिहूं नये. तबकडी चालविणारें यंत्र चालू स्थितींत आहे तोंवर त्याची निगा राखावी, कारण मोठे कारखानदार तीं करणें सोडूं लागले आहेत. वर्गणी भरून दूरचित्रवाणीवर दिसणारे चित्रपट हें भाड्याचें घर आहे. मालकाच्या मनांत आलें कीं आज असलेला चित्रपट उद्यां दिसत नाहीं. तबकडी लहान असली तरी ती स्वतःची ओसरी आहे.

पुढें कधीं काळीं उत्तम आवृत्ति निघाली तर ती अवश्य घ्यावी, आणि तेव्हांही जुनी टाकूं नये. पाठभेदाची पोथी कोणी विद्वान् टाकीत नाहीं. नव्या प्रतींत जें गळलें तें कदाचित् जुनींत सांपडेल. तोंपर्यंत घरांत जी असेल ती कपाटांत न ठेवतां लावावी, आणि शेजारच्या घरीं कोणी वृद्ध मनुष्य असेल तर त्यास पाहावयास बोलवावें.